रजाचिठ्ठी

बडोद्याच्या एस.टी. डेपोत एकतीस वर्षं
मी रजेचे अर्ज हाताळले.
कंडक्टरांच्या सासवा माझ्या रजिस्टरात
एकेका वर्षात दोनदोनदा वारल्या.
मी फक्त म्हणायची, पुरावा?

आता लीमपुऱ्याच्या पंचायतीत
लोखंडी बाकावर बसलेय, मांडीवर फाईल,
आणि दोन खोल्या, एक ओटा, एक मोरी
एवढ्याचीच परवानगी मागतेय.
इथे बांधकामाच्या परवान्याला म्हणतात रजाचिठ्ठी.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं.
घराला कुठे जायचं असतं रजेवर?

दारावर पाटी: तलाटी-कम-मंत्री.
यातला कम कोण, ते अजून कळलेलं नाही.
सोमवारी नि गुरुवारी तो इथे,
बाकीच्या वारी आणखी दोन गावं त्याच्या गळ्यात.
हिरेनभाई माझ्या भाच्याच्या वयाचा, आणि नम्र.
नम्र माणसाशी भांडता येत नाही, ही पंचाईत.
"चार नकल जोईए, बेन."
मी तीन नेल्या होत्या.
पुढच्या खेपेला चार होत्या, आकारणीची पावती नव्हती.
पावती नेली त्या दिवशी हिरेनभाई नव्हता.

अर्जावर मी अशी:
फणसे मंदाकिनीबेन दत्ताराम.
पुढे आडनाव, मागे वडील, मध्ये मी,
तिघांच्या सीटवर अंग चोरून.

नकाशा पादरा बाजारातल्या निमेषने काढला.
उत्तरेला रस्ता, पूर्वेला पढियारांचा वाडा,
पश्चिमेला पडीक, दक्षिणेला तुरीचं खेतर.
मधला कागद कोरा, स्वच्छ.
मोजणीच्या दिवशी आम्ही फीत ताणून उभे,
तेव्हा रायसंगभाई पढियार म्हैस घेऊन
माझ्या बाहेरच्या खोलीतून गेले.
म्हणजे जिथे ती व्हायची होती तिथून.
मागोमाग त्यांची सून, डोक्यावर चाऱ्याचा भारा,
स्वयंपाकघर ओलांडून, फीतीखाली वाकून.
पायाखाली पाहिलं तर वाट होती,
टकलासारखी गुळगुळीत.

"रेकॉर्ड पर नथी," हिरेनभाई म्हणाला,
"तमे बंध करी शको."
रायसंगभाई काही बोलले नाहीत.
शेजाऱ्यांची हरकत नाही, या कागदावर
त्यांची सही मी मागच्याच आठवड्यात घेतली होती,
मोठी, डुलणारी, ओळीबाहेर गेलेली.
वाचून केली होती का, मी विचारलं.
"तमे लाव्यां, एटले करी."

रेकॉर्डवर नाही.
हे माझंच वाक्य होतं.
बचुभाई रोहित, सहा-दहाच्या पादरा गाडीचा कंडक्टर,
त्याला वाढवलेली बाई गेली तेव्हा रजा मागायला आला.
आई नाही, मावशी नाही, नियमात बसेल असं
कुठलंच नातं नाही.
मी लाल शाईने लिहिलं: नोंद नाही, सबब नामंजूर.
त्या दिवशी तो ड्यूटीवर गेला.
संध्याकाळी भरणा केला, पैशापैशाला बरोबर.
मी मोजूनही घेतला.

निमेषला सांगितलं, घर पाच फूट पश्चिमेला सरकव.
तो म्हणाला, मग ओटा जातो.
जाऊ दे.
पुन्हा चार नकला, पुन्हा फी, पुन्हा लोखंडी बाक.
"फरीथी?" हिरेनभाईने कपाळ चोळलं,
आणि पुढचा सोमवार दिला,
मग त्याच्या पुढचा.
ओट्यावर बसून काय करणार होते मी एकटी,
असं म्हणून पाहिलं. फारसं पटलं नाही.

चिठ्ठी आली एका गुरुवारी. गोल शिक्का, अर्धा उमटलेला.
मुदत एक वर्ष. खाली अटी, बारीक अक्षरात.
वाटेबद्दल त्यात एक अक्षर नाही.
नव्या नकाशातही ती जागा नुसती कोरी आहे.

संध्याकाळी गवंड्याने चुन्याने पाया आखला.
म्हैस आली, रेघेपाशी थांबली,
हुंगलं,
आणि कुणाला न विचारता
पुढे गेली.